निवळीबरोबर वाहून जाणारे धन

पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या आदल्या रात्री ज्या घरात श्रीखंडासाठी दही पंचात बांधून टांगले जाते, त्या घरातील गृहिणी खाली पातेले ठेवावयास विसरत नाही. रात्रभरात त्या पातेल्यात जमणारी हिरवट-पिवळी निवळी सकाळी कढीत जाते, कणकेत जाते, नाही तर गोठ्यातील जनावराच्या आंबोणात जाते. ती मोरीत ओतणे हे जुन्या पिढीच्या दृष्टीने उधळेपणाचे लक्षण होते. हेच दही जेव्हा हजारो लिटरच्या टाक्यांत विरजले जाते आणि चक्का पोलादी यंत्रांतून निघतो, तेव्हा मात्र खाली पातेले ठेवण्याचे हे साधे शहाणपण पुष्कळदा हरवते. घरात जी वस्तू अन्न असते, ती कारखान्यात सांडपाणी ठरते. वस्तू तीच, बदलतो तो हिशेब. हा हिशेब नेमका कोठे चुकतो हे समजून घ्यावयाचे असेल, तर निवळीतील एका दुर्लक्षित घटकाकडे, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट या खनिजाकडे, वळले पाहिजे.

दुधातील खनिजाचा प्रवास

गाईच्या दुधात लिटरमागे सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे एक ग्रॅम फॉस्फरस असतो. म्हशीच्या दुधात कॅल्शियमचे प्रमाण याहून बरेच अधिक. हाडे आणि दात ज्या द्रव्यांनी घडतात ती हीच होत. परंतु एवढे कॅल्शियम फॉस्फेट साध्या पाण्यात विरघळून राहणे शक्य नाही. ते केव्हाच तळाशी बसले असते. निसर्गाने त्यावर योजलेला उपाय विलक्षण आहे. दुधातील केसीन हे प्रथिन अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत असते आणि त्या कणांच्या पोटात हे खनिज सांभाळलेले असते. गाईच्या दुधातील जवळजवळ दोन-तृतीयांश कॅल्शियम अशा रीतीने केसीनच्या आश्रयाने राहते; उरलेले एक-तृतीयांश काय ते पाण्यात विरघळलेले असते.

दुधाचा पदार्थ बनविताना या खनिजाचे काय होते, हे तो पदार्थ कोणत्या पद्धतीने बनविला यावर अवलंबून असते. रेनेट लावून चीज करताना दूध फारसे आंबट न होता गोठते. तेव्हा केसीनला धरून असलेले खनिज चीजमध्येच राहते आणि खाली उरणाऱ्या गोड निवळीत त्याचा लहान वाटा उतरतो. दह्याची गोष्ट वेगळी. विरजणातील जंतू अम्ल निर्माण करतात, त्या अम्लामुळे केसीन आणि खनिज यांची फारकत होते आणि खनिज विरघळून पाण्यात येते. चक्क्याच्या निवळीत म्हणूनच लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ मूळ दुधाइतकेच कॅल्शियम सापडते. सायट्रिक अम्ल घालून तापलेले दूध फाडून केलेल्या पनीरच्या पाण्याचे स्थान या दोहोंच्या मधले मानावे लागेल.

श्रीखंड खाणारा दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने खातो. परंतु दुधाची ख्याती ज्या कॅल्शियममुळे आहे, त्याचा मोठा हिस्सा त्याच्या ताटात येण्यापूर्वीच गटारात गेलेला असतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रौढ माणसाला दररोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, अशी शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली केली. ते न मिळणाऱ्यांची संख्या मोठी असलेल्या देशात हा प्रवाह निव्वळ वाहू द्यावा, ही विसंगती उघड आहे.

कटकटीतून सापडलेला पदार्थ

हे खनिज निवळीतून वेगळे काढण्याची विद्या काही कोणाच्या परोपकारबुद्धीतून जन्मलेली नाही. ती जन्मली कारखान्यातील एका नित्याच्या कटकटीतून. मीठ किंवा साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. कॅल्शियम फॉस्फेटचा स्वभाव याच्या उलट आहे. पाणी तापले की ते विरघळण्याऐवजी बाहेर पडते आणि तापलेल्या पृष्ठभागावर घट्ट थर धरून बसते. निवळी आटविण्याच्या बाष्पीभवन यंत्रांच्या नळ्यांत असा दगडासारखा थर साचला की उष्णता पोहोचेनाशी होते, इंधन अधिक जळते आणि यंत्र थांबवून नळ्या धुवाव्या लागतात. थर काढावयाचा तो नायट्रिक अम्लाने. म्हणजे पैसे मोजून अम्ल आणावयाचे, त्यात मौल्यवान खनिज विरघळवावयाचे आणि ते अम्लासह सांडपाण्यात सोडून पुन्हा त्या सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च करावयाचा. एकाच वस्तूसाठी तीनदा दंड भरण्याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडावयाचे नाही.

ज्या थरामुळे यंत्र अडते तो यंत्राबाहेर आणि आपल्या सोयीच्या जागी पाडावा, हा यावरील उपाय होय. त्याची रीत थोडक्यात अशी. निवळी प्रथम अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळतात. प्रथिने मागे राहतात. दुग्धशर्करा आणि खनिजे पाण्याबरोबर पुढे जातात. या पाण्याची आंबटता अल्क घालून काढून टाकतात, ते तापवितात आणि काही काळ तसेच ठेवतात. कॅल्शियम फॉस्फेट पांढऱ्या साक्याच्या रूपाने वेगळे होते. ते वेगाने फिरणाऱ्या यंत्रांनी किंवा पुन्हा पडद्यांनी काढून घेऊन धुतात आणि वाळवितात. हाती येते ती पांढरी, जवळजवळ बेचव पूड. तिच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा कॅल्शियम आणि त्याच्या सुमारे निम्मा फॉस्फरस असतो. न्यूझीलंडमधील फॉन्टेरा आणि मूळ डेन्मार्क-स्वीडनमधील आर्ला या शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीच्या संस्था अशी पूड वेगवेगळ्या व्यापारी नावांनी विकत आल्या आहेत. ती पोषक पेयांत, खाद्यपदार्थांत आणि गोळ्यांत मिसळली जाते.

या प्रक्रियेचा आणखी एक लाभ आहे आणि तो पुडीच्या किमतीहून कदाचित मोठा आहे. खनिज काढून घेतलेले पाणी यंत्रांत थर न धरता आटविता येते आणि त्यातून दुग्धशर्करा अधिक प्रमाणात व अधिक शुद्ध स्वरूपात मिळते. म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट हे स्वतः फार मोठे घबाड नसले, तरी निवळीतील उरलेल्या संपत्तीच्या कुलुपाची ती किल्ली आहे.

परदेशांनी हे का केले?

पाश्चात्त्य देशांतील दुग्धव्यवसाय पहिल्यापासून एवढा काटकसरी होता, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. एक किलो चीज करताना सुमारे नऊ लिटर निवळी उरते. अमेरिकेत ती दीर्घकाळ ओढ्यांत आणि नद्यांत सोडली गेली, न्यूझीलंडमध्ये डुकरांना पाजली गेली किंवा कुरणांवर ओतली गेली. निवळी दिसावयास निरुपद्रवी असली, तरी पाण्यातील जीवसृष्टीला ती मोठी घातक असते. तिच्यातील शर्करा कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेतला जातो. सांडपाण्याचे हे सामर्थ्य ज्या मापाने मोजतात, त्या जैव-रासायनिक ऑक्सिजन मागणीचा आकडा निवळीच्या बाबतीत लिटरमागे ३० ते ५० हजार मिलिग्रॅमपर्यंत जातो. घरगुती मैलापाण्याचा आकडा दोन-तीनशेच्या घरात असतो, हे लक्षात घेतले म्हणजे भेद किती आहे ते कळेल.

हे चित्र पालटले ते दोन गोष्टींमुळे. अमेरिकेत १९७२ साली जलप्रदूषणाविरुद्ध कडक कायदा झाला आणि निवळी फेकण्याला किंमत पडू लागली. त्याच दशकात गाळणीच्या पडद्यांचे तंत्र व्यापारी उपयोगासाठी उपलब्ध झाले. आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यातील कार्बेरी येथे १९७८ साली निवळीपासून मद्यार्क करण्यास प्रारंभ झाला. निवळीतील प्रथिनांची पूड तर पुढे एवढी लोकप्रिय झाली की, काही कारखान्यांत चीज हाच जोडधंदा वाटावा. आपल्याकडील व्यायामशाळांतील तरुण ज्या प्रथिनांच्या डब्यांसाठी हजारो रुपये मोजतात, ती प्रथिने या निवळीतलीच होत.

तथापि केवळ तंत्र उपलब्ध असून भागत नाही. न्यूयॉर्क राज्यात २०१० नंतरच्या काही वर्षांत घट्ट ग्रीक दह्याचा उद्योग झपाट्याने वाढला. हे दही म्हणजे आपल्या चक्क्याचाच भाऊ. दह्याच्या एका भागामागे आंबट निवळीचे दोन-तीन भाग उरू लागले आणि तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या त्या देशातही या निवळीचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. ती शेतांवर टाकली गेली, गुरांच्या खाद्यात मिसळली गेली, वायुनिर्मितीच्या टाक्यांत सोडली गेली. आंबट निवळीत प्रथिने थोडी. शिवाय तिच्यातील अम्लामुळे ती आटविताना व वाळविताना चिकट होते. ज्या निवळीत कॅल्शियम सर्वांत अधिक, तीच हाताळावयास सर्वांत अवघड, असा हा पेच आहे.

आपल्या हिशेबातील वेगळेपण

हा पेच महाराष्ट्राने विशेष ध्यानात घेतला पाहिजे. कारण आपल्याकडील निवळी बहुतांशी चीजची नाही. ती पनीरची, चक्क्याची आणि छेन्याची आहे. पनीरसाठी दूध उकळीच्या जवळ तापविले जाते, चक्क्याच्या दह्याचे दूधही चांगले तापविलेले असते. या उष्णतेमुळे निवळीत उतरू शकणारी प्रथिने आधीच केसीनला चिकटतात आणि पदार्थातच राहतात. पदार्थाचा उतारा त्यामुळे वाढतो, ही चांगली गोष्ट. परंतु परदेशांत निवळीच्या उद्योगाचा खर्च ज्या प्रथिनांनी भरून काढला, ती प्रथिने आपल्या निवळीत फारशी नसतात. मागे राहतात ती दुग्धशर्करा आणि खनिजे. सारांश, परदेशांतील यंत्रे जशीच्या तशी आणून बसविली की तेथील नफाही येथे अवतरेल, असे मानणे ही निव्वळ भाबडी आशा ठरेल.

याच विषयात दुसरीही एक अतिशयोक्ती टाळली पाहिजे. भारत फॉस्फेटयुक्त खतांसाठी परदेशांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. राजस्थानातील झामरकोटडासारख्या थोड्या ठिकाणी हे खनिज सापडते. परंतु जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. २००८ साली या खनिजाचे जागतिक भाव अनेक पटींनी भडकले, तेव्हा या अवलंबित्वाची किंमत शेतकऱ्यापासून अर्थमंत्र्यापर्यंत सर्वांना कळली. युरोपीय संघाने २०१४ साली फॉस्फेट खनिजाची गणना टंचाईच्या महत्त्वाच्या कच्च्या मालात केली ती याच चिंतेपोटी. अशा परिस्थितीत दुधातील फॉस्फरस परत मिळविला की खतांचा प्रश्न सुटेल, असे कोणी म्हणू लागल्यास नवल नाही. पण साधा हिशेब ते खोटे ठरवितो. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध झाले. त्या सर्व दुधातील फॉस्फरस एकत्र केला तरी तो अडीच लाख टनांच्या आसपास भरेल. खतांच्या परिभाषेत त्याचे पाच-साडेपाच लाख टन होतात. देशाची फॉस्फेटची वार्षिक गरज सुमारे ८० लाख टनांची आहे. त्यातही बहुतेक दूध हे दूध म्हणूनच प्यायले जाते. निवळीतून जाणारा वाटा अगदी लहान. तेव्हा निवळीतील खनिज खत म्हणून शेतात टाकण्याच्या गोष्टी करू नयेत. त्याचे स्थान अन्नात आहे.

शेतकऱ्याच्या पदरात तरी किती पडेल? एक लाख लिटर चक्क्याच्या निवळीत सुमारे १२० किलो कॅल्शियम असते. ते सारेच्या सारे हाती आले, तर पावणेपाचशे किलोच्या आसपास पूड होईल. व्यवहारात निम्मी मिळाली तरी समाधान मानावे लागेल. एक लाख लिटर निवळीमागे दोन-अडीचशे किलो पूड, हा आकडा डोळे दिपविणारा नाही. चुनखडीपासून मिळणारे कॅल्शियम याहून कितीतरी स्वस्त असते, हेही खरे. दुधाच्या खनिजाला अधिक भाव देणारा ग्राहक असतो. पण तो अमर्याद नसतो. २०१८ साली महाराष्ट्रातील दूध उत्पादकांनी भावासाठी आंदोलन केले आणि सरकारला लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. २०२४ मध्येही अनुदानाचाच आधार घ्यावा लागला. हे रुपये काही निवळीतील खनिजातून निघणार नाहीत. निघाले तर पैसे निघतील.

मग हा खटाटोप करावयाचा कशासाठी? अर्थशास्त्राचा विद्यार्थी या प्रश्नाचे उत्तर पुडीच्या किमतीत न शोधता गटाराच्या किमतीत शोधील. निवळी ओढ्यात सोडणाऱ्या कारखान्याच्या जमाखर्चात त्या कृत्याचा खर्च शून्य दिसतो. पण तो खर्च नाहीसा झालेला नसतो. खालच्या गावची विहीर बिघडते, ओढ्यातील मासळी मरते, पाणीपुरवठा योजनेचा शुद्धीकरणाचा बोजा वाढतो. ही सारी रक्कम दुसऱ्याच्या वहीत मांडली जाते. जोवर फेकणे फुकट आहे, तोवर वेचणे महागच वाटणार. फेकण्याला तिची खरी किंमत पडू लागली की, जी प्रक्रिया काल तोट्याची होती ती आज परवडू लागते. अमेरिकेत १९७२ नंतर घडले ते हेच. आपल्याकडे जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ साली झाला. कायद्याची उणीव येथे कधीच नव्हती. उणीव होती ती अंमलबजावणीची.

मळीचे उदाहरण

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे त्याचे अनुकरण राज्यभर झाले. प्रारंभीच्या काळात मळी म्हणजे साठवणीची डोकेदुखी होती. पुढे त्याच मळीवर मद्यार्काचे कारखाने उभे राहिले, चिपाडावर वीज निर्माण होऊ लागली आणि आज पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या इथेनॉलमुळे कित्येक कारखान्यांचे ताळेबंद सावरले आहेत. परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. मद्यार्काच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने अनेक नद्या-ओढे नासले. एका टाकाऊ वस्तूचे सोने करताना दुसरी टाकाऊ वस्तू निर्माण होते आणि तिचा विचार आधी न केल्यास लाभ कारखान्याचा व हानी गावाची, अशी वाटणी होते.

निवळीच्या बाबतीत हा इशारा अधिकच लागू आहे. पाण्यातील प्राणवायू खाणारा मुख्य अपराधी खनिज नसून दुग्धशर्करा आहे. कॅल्शियम फॉस्फेट काढून घेतले आणि उरलेले पाणी तसेच सोडून दिले, तर नदीला त्याचा काडीचाही उपयोग नाही. खनिजाची पुनर्प्राप्ती ही एका साखळीतील कडी आहे. खनिज काढा, शर्करा आटवा किंवा आंबवून वायू करा, मागे उरलेले पाणी शुद्ध करून धुण्यासाठी वापरा, अशी ती साखळी पूर्ण झाली तरच तिला अर्थ आहे.

कर्तव्य कोणाचे?

ही साखळी एकट्या तालुका संघाच्या आवाक्यातील नाही. निवळीत त्र्याण्णव-चौऱ्याण्णव टक्के पाणी असते आणि ती लवकर नासते; दूरवर टँकरने नेणे म्हणजे पाण्याचे भाडे भरणे होय. यावर मार्ग असा की, प्रत्येक दुग्धालयाने आपल्या ठिकाणी पडद्यांच्या साहाय्याने ती दाट करावी आणि तो दाट द्रव जिल्ह्यातील एका सामाईक प्रकल्पात आणावा. पश्चिम महाराष्ट्रातील दूध संघ एकमेकांशी भावात आणि बाजारपेठेत जरूर स्पर्धा करोत. परंतु सांडपाण्यात स्पर्धा करण्यासारखे काही नाही. तेथे सहकार हाच शहाणपणाचा मार्ग आहे. खाजगी दुग्धालयांनाही योग्य आकार देऊन या प्रकल्पात सामील होता आले पाहिजे.

सरकारने अशा प्रकल्पाला भांडवली साहाय्य द्यावे. मात्र त्याबरोबरच निवळी उघड्यावर सोडणाऱ्यावर, तो सहकारी असो वा खाजगी, कायद्याचा बडगा सारख्याच जोराने उगारावा. एका हाताने अनुदान आणि दुसऱ्या हाताने अभय, अशी रीत चालू राहिली तर यंत्रे गंजतील आणि ओढे पूर्ववत वाहतील. कृषी विद्यापीठांनी आणि दुग्धशास्त्राच्या महाविद्यालयांनी चीजच्या निवळीवरील परदेशी प्रयोगांची उजळणी करण्यापेक्षा चक्क्याच्या व पनीरच्या, विशेषतः म्हशीच्या दुधाच्या, निवळीवर लक्ष केंद्रित करावे. हा प्रश्न सर्वांत अधिक आपला आहे. त्याचे उत्तर दुसरा कोणी शोधून देण्याची वाट पाहणे योग्य नव्हे. आणि या पुडीचा पहिला ग्राहक शोधण्यासाठी परदेशी बाजारपेठेकडेही धाव घ्यावयास नको. शाळांतील पोषण आहार आणि अंगणवाड्या यांत तिचा उपयोग होऊ शकेल काय, याची आहारशास्त्रज्ञांकडून तपासणी करून घेता येईल.

दूध उत्पादकाने घातलेल्या दुधातील प्रत्येक घटक त्याच्या जनावराने त्याच्याच रानातून, त्याने विकत घेतलेल्या पेंडीतून आणि खनिज मिश्रणातून उचललेला असतो. त्यातील स्निग्धांशाचे आणि घनपदार्थांचे मोजमाप संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ काटेकोरपणे होते. त्यात दशांशाची तूट आली तरी शेतकऱ्याचा भाव कापला जातो. दशांशाचा हिशेब मागणाऱ्या व्यवस्थेने गटारातून वाहणाऱ्या लाखो लिटरचा हिशेब देण्याचे कर्तव्यही मानले पाहिजे. टांगलेल्या दह्याखाली पातेले ठेवणाऱ्या गृहिणीला अर्थशास्त्र कोणी शिकविले नव्हते. थेंबाची किंमत मात्र तिला ठाऊक होती. तेवढे भान दुग्धालयांच्या संचालक मंडळांना आले, तर निवळीबरोबर वाहून जाणारे धन अडविणे अशक्य नाही.